पाहून काढलेला माणूस

(जरीपटका, नागपूर येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या चित्रकला वर्गात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



कामठी, पारशिवनी आणि रामटेक ह्या बाजूंच्या शाळांतून आपण सकाळी निघून येथे आलात. खेड्यांतील शिक्षकांचा वर्ग शहरातील वस्तीत कशासाठी भरविला, असे काहींनी मला विचारले. कामठी रस्त्याने येणाऱ्यांना जरीपटका सोयीचे पडते, हे एक कारण. ह्या वर्गाला माणसे हवी होती आणि ती येथील बाजारात हवी तेवढी मिळतात, हे दुसरे. तिसरे कारण थोडे खाजगी आहे. माणूस पाहून कसा काढावा, ह्याचा पहिला धडा मला ह्याच बाजारात मिळाला.

जरीपटका म्हणजे मराठेशाहीतील मानाचे निशाण. ते नाव धारण करणाऱ्या ह्या वस्तीत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेली कुटुंबे स्थिरावली आणि त्यांनी आपल्या उद्योगाने येथे बाजारपेठ उभी केली. मी अध्यापक विद्यालयात शिकत होतो तेव्हा ह्याच वस्तीत एका नातलगाकडे राहत असे. पाठाच्या टाचणांबरोबर चित्रांची एक वही भरून द्यावी लागे. इतर विद्यार्थी छापील चित्रांवरून ती भरीत. मला हुशारी सुचली, आणि मी कोपऱ्यावरच्या एका वृद्ध शिंप्याच्या दुकानासमोर जाऊन बसलो. शिवणयंत्र काढले, त्याचे चाक काढले, पायटा काढला, कात्री व गजही काढला. शेवटी शिंपी काढला. चित्र त्याला दाखविले. त्याने चष्मा कपाळावर सारून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, ‘मशीन तो बराबर है मास्टर, पर आदमी कहाँ है?’

त्याचे म्हणणे खरे होते. यंत्र मी पाहून काढले होते आणि माणूस आठवणीने. गोल डोके, दोन ठिपक्यांचे डोळे, नाकाची एक रेघ आणि खांद्यांपासून सरळ लोंबणारे दोन हात. समोरचा शिंपी तर धनुष्यासारखा वाकलेला होता, त्याची मान खांद्यांच्या पुढे आली होती आणि त्याचा एक खांदा दुसऱ्याहून चांगला दोन बोटे खाली होता. चाळीस वर्षे एकाच बाजूने कापड सारल्यामुळे तो तसा झाला असावा. ते सर्व माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी पाहिले नव्हते. पुढे दोन महिने मी त्याची पाठच काढीत राहिलो.

आता आपल्या शाळांतील चित्रकलेकडे वळू. मी तपासणीस जातो तेव्हा मुलांच्या चित्रवह्या मुद्दाम मागवून पाहतो. शाळा कोणतीही असो, चित्र एकच असते: दोन डोंगर, त्यांमधून वर येणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी आणि नारळाचे झाड. हे नारळाचे झाड कोठून आले? ज्या मुलाच्या घरासमोर मोह आहे, पळस आहे, ज्याच्या बापाच्या शेतात संत्र्याची बाग आहे, तो नारळ का काढतो? कारण गुरुजींनी फळ्यावर तो काढला, आणि गुरुजींनी तो काढला कारण त्यांच्या गुरुजींनी काढला होता. ह्या परंपरेत कोणीही खिडकीबाहेर पाहिले नाही. माणसाच्या चित्राचेही तेच झाले आहे.

ह्यात दोष सर्वस्वी शिक्षकांचा आहे असे मी म्हणणार नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. परंतु ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि पट शंभराच्या वर असेल तेव्हाची. आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळांना ती लागू पडत नाही. तेव्हा भाषा शिकविणारा, गणित शिकविणारा, पोषण आहाराची नोंद ठेवणारा आणि चित्रकला शिकविणारा हा एकच इसम असतो. त्यात चित्रकलेचा तास गणिताच्या उजळणीला देऊन टाकणे ही तर रूढच झाली आहे. परंतु वर्ध्याची आठवण ठेवा. येथून पाऊणशे किलोमीटरांवरील त्या गावी १९३७ मध्ये मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली गेली, आणि झाकिर हुसेन समितीने तिच्यासाठी जो अभ्यासक्रम आखला त्यात चित्रकलेला स्वतंत्र विषयाचे स्थान होते. सूत कातणाऱ्या मुलाच्या हाताला पेन्सिलही हवी, हे त्या मंडळींना पटले होते.

मात्र मुलांच्या चित्रांविषयी मी आज फार बोलणार नाही. मला तुमच्या स्वतःच्या चित्रांविषयी बोलावयाचे आहे. शिक्षकाने स्वतः, दररोज, समोरचा माणूस पाहून काढावा, एवढीच माझी विनंती आहे. ही विनंती मी का करतो, हे सांगण्यासाठी मला माझीच एक चूक उघड करावी लागेल.

मी नोकरीस लागलो त्या लहानशा शाळेत पहिली ते तिसरीचे वर्ग माझ्याकडे होते. त्यातील एक मुलगा तिसरीत आला तरी अक्षर धड काढीत नसे. फळ्यावरचे उतरवून घेताना तो शेजाऱ्याच्या पाटीत डोकावे. मी त्याला आळशी म्हणत असे. चार मुलांदेखत म्हणत असे, आणि एकदा छडीही मारली. १९९४ च्या पावसाळ्यात, मुले मूकवाचन करीत असताना, मी त्यांची रेखाटने करण्याचा परिपाठ ठेवला. पाठकोऱ्या कागदावर दोन-दोन मिनिटांची चित्रे, खाली तारीख. ह्या मुलाची तीन चित्रे तीन वेगळ्या आठवड्यांत झाली. एके सायंकाळी कागद लावून ठेवताना ती तिन्ही एकाखाली एक आली, आणि मी जागीच थबकलो. तिन्ही चित्रांत मान उजव्या खांद्याकडे कललेली, हनुवटी त्याच बाजूस वळलेली, पुस्तक डाव्या डोळ्यापाशी, नाकापासून चार बोटांवर. बसण्याची जागा तीनही वेळा वेगळी होती. म्हणजे ही जागेची अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि फळ्यावर काय दिसते ते विचारले. तो काही बोलला नाही. तालुक्याच्या रुग्णालयात त्याच्या वडिलांबरोबर मीही गेलो. डाव्या डोळ्याला मोठ्या नंबरचा चष्मा लागला. उजव्या डोळ्याविषयी डॉक्टर म्हणाले, ह्याला आळशी डोळा म्हणतात. मेंदूने त्याचा उपयोग करणे सोडून दिले आहे. पाचव्या-सहाव्या वर्षी आणला असता तर पुष्कळ करता आले असते. मुलगा सहाव्या वर्षीच माझ्या वर्गात आला होता. दोन वर्षे मी त्याच्याकडे रोज पाहत होतो, आणि जो शब्द डॉक्टरांनी त्याच्या डोळ्याला लावला तो मी त्या मुलाला लावीत होतो. ते तीन कागद मी अजून जपून ठेवले आहेत. आज येताना ते बरोबर आणले आहेत. मधल्या सुटीत अवश्य पाहावेत. चित्रे म्हणून ती सुमारच आहेत.

येथे कोणी म्हणेल की हे कळण्यास चित्र कशाला हवे, आता प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आहे आणि त्यात छायाचित्र काढण्याची सोय आहे. छायाचित्रात ती मान निश्चितच आली असती. परंतु छायाचित्र घेताना मी ती पाहिली असती का, हा प्रश्न आहे. यंत्र क्षणात सारे टिपते आणि आपण खिशात घालतो. पेन्सिलीने काढताना मात्र मान किती कलली हे ठरविल्याशिवाय रेघच पुढे जात नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ.

साहित्याचा बाऊ करू नये. एक टूबी पेन्सिल, परीक्षेला मुले नेतात तसले चिमट्याचे पॅड आणि पाठकोरे कागद पुरेत. कार्यालयातून येणाऱ्या परिपत्रकांच्या पाठी कोऱ्या असतात, हा त्यांचा एक निर्विवाद उपयोग आहे. खोडरबर जवळ ठेवू नये. रेघ चुकली तर तिच्याशेजारी दुसरी काढावी. चुकलेली रेघ तेथे असली की बरोबर रेघ कोठे असावी हे कळते.

आरंभ नाकाडोळ्यांपासून करू नये, कारण ते शेवटचे काम आहे. प्रथम माणसाचा भार कोठे पडला आहे ते शोधावे. उभा माणूस बहुधा एका पायावर उभा असतो. त्याच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला अशी कल्पना करा; तो भार घेतलेल्या पावलाजवळ येईल. त्या बाजूचे कंबरेचे हाड वर चढलेले असते आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली उतरलेला असतो. एवढ्या तीन रेघा बरोबर आल्या तर तोंड न काढताही माणूस उभा राहतो. मग प्रमाण. हात ताठ करून पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटावा, आणि समोरच्याच्या डोक्याची उंची अंगठ्याने पेन्सिलीवर मापून घ्यावी. प्रौढ माणसाची उंची साधारणतः सात ते साडेसात डोकी भरते. सहा वर्षांचे मूल सहाच्या आसपास, तर वर्षाचे मूल जेमतेम चार. आपण मुलांची चित्रे काढतो ती बुटक्या म्हाताऱ्यांसारखी का दिसतात, ह्याचे उत्तर ह्या आकड्यांत आहे. डोळ्यांविषयी एक सांगतो, कारण ही चूक शंभरांतील नव्वद जण करतात: डोळे कपाळाजवळ नसतात. ते डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. शेजारच्याच्या डोक्यावर आताच पेन्सिल धरून पाहा. भगिनींनी भगिनींच्या धराव्यात म्हणजे सभेत गोंधळ होणार नाही.

माणूस हलला तर काय करावे, हा प्रश्न नेहमी येतो. माणूस हलणारच. पण काम करणारा माणूस पुनःपुन्हा त्याच ठेवणीत येतो. पापड लाटणारी बाई, चहा एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणारा, संत्री तोलणारा, ह्यांच्या हालचाली फेर धरल्यासारख्या परत येतात. एका कागदावर तीन-चार चित्रे अर्धी अर्धी सुरू करावीत आणि जी ठेवण परत येईल त्या चित्रात भर घालावी.

हे काही मी नव्याने शोधून काढलेले नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १८६५ मध्ये अध्यापक म्हणून आलेल्या जॉन लॉकवुड किपलिंग ह्यांनी उत्तर हिंदुस्थानात हिंडून विणकर आणि लाकूड कोरणारे असे कारागीर कामावर असताना रेखाटले. त्याच शाळेत १८९० मध्ये कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) आधी विद्यार्थी व नंतर अध्यापक म्हणून १९३१ पर्यंत राहिले. त्यांच्या आत्मकथनाचे नावच मुळी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. पौराणिक चित्रांसाठी त्यांची ख्याती मोठी, परंतु मला त्यांची मुंबईच्या रस्त्यावरची माणसे अधिक आवडतात. ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ ह्या १९१२ च्या पुस्तकातील आणि त्या काळच्या पोस्टकार्डांवरील त्यांची चित्रे पाहावीत. प्रत्येकाचे पागोटे निराळे, आणि पागोट्याखालचा माणूसही निराळा. नंदलाल बोस ह्यांनी १९३६ च्या फैजपूर काँग्रेसची सजावट केली. पुढे १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी ढोलकरी, शिंपी, सुतार अशी कामकरी माणसे मोठ्या कागदांवर रंगविली, आणि त्यासाठी अगोदर गावकऱ्यांची अभ्यासचित्रे करून घेतली. आपल्या विदर्भातील भाऊ समर्थ (१९२८–१९९१) भंडारा जिल्ह्यातील लाखनीचे. नागपुरात राहून त्यांनी केलेली रेखाचित्रे मराठी-हिंदी नियतकालिकांतून विखुरलेली आहेत. मोठ्यांची नावे सांगून तुम्हांस दडपण आणण्याचा हेतू नाही. हे सारे माणसापुढे जाऊन बसले, एवढेच सांगावयाचे आहे.

जलरंगाविषयी बोलताना मला रंगखडूंच्या डबीपासून आरंभ करावा लागेल. त्या डबीत एक फिकट गुलाबी खडू असतो. मुले त्याला ‘अंगाचा रंग’ म्हणतात. ‘माझे कुटुंब’ हे चित्र काढावयास सांगितले की आई गुलाबी, बाबा गुलाबी, आजी गुलाबी आणि स्वतःही गुलाबी. उन्हात राबून ज्यांची कातडी तांब्याच्या भांड्यासारखी झाली आहे त्यांची मुले त्यांना गुलाबी रंगवितात. एका शाळेत एका सावळ्या मुलीने तसे चित्र काढले होते. मी तिला तिचा हात कागदाशेजारी ठेवावयास सांगितले. तिने हात ठेवला, पाहिला, आणि चटकन ओढणीखाली घेतला. हा प्रकार मी विसरू शकलो नाही. मूल स्वतःचा रंग लपवू लागते तेव्हा चित्रकलेच्या तासाला त्याविषयी काही करता आले पाहिजे, असे माझे मत आहे.

करता येते ते असे. वर्गातील पाच-सहा मुलांचे हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत. त्यात गुरुजींचाही हात असावा. मग बशीत रंग मिसळून एकेक हाताशी ताडून पाहावा. बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन निळा घातला की गडद, उबदार तपकिरी मिळतो. यलो ऑकरमध्ये क्रिमसनचा थेंब टाकला की उजळ वर्ण येतो. साध्या वड्यांच्या डबीत ही नावे नसतील तर तपकिरी, पिवळा, लाल आणि निळा ह्यांवर काम भागते. ज्या शाळांत मी हा प्रयोग केला तेथे मुलांना एकाचाही रंग डबीत तयार मिळाला नाही. प्रत्येकाचा करावा लागला. त्या मुलीच्या वर्गात मी पुन्हा गेलो तेव्हा तिच्या हाताचा रंग जमविण्यास सर्वांत जास्त वेळ लागला, आणि तो वेळभर तिने हात काढून घेतला नाही.

सावलीसाठी काळा रंग वापरू नये, त्याने चेहरा मळकट होतो. त्याच रंगात निळा किंवा जांभळा मिसळावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा जमिनीवरून परतणाऱ्या प्रकाशाने हनुवटीखालची सावलीसुद्धा तांबूस उजळते. ते जरूर पाहावे. उन्हाळ्यात रंग कुंचल्यावरच वाळतो, म्हणून कागदाला आधी पाण्याचा पुसट हात द्यावा. पावसाळ्यात उलट, पहिला हात वाळेपर्यंत मुलांना पाढे म्हणावयास लावले तरी चालेल.

आणि पांढरा रंग शक्य तो टाळावा. जलरंगात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. सावंतवाडीकडचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) ह्यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र वाटते. ते हळदणकरांचे जलरंगचित्र आहे आणि दिवा घेऊन त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. घरातील माणूस, एक दिवा, कागद आणि पाणी. साहित्य नाही म्हणून तास झाला नाही असे टाचणवहीत लिहिण्यापूर्वी हे आठवावे.

आता थोडे शिष्टाचाराविषयी. ज्याला काढावयाचे त्याची परवानगी घ्यावी. तो नाही म्हणाला तर नमस्कार करून पुढे जावे. भिकारी, व्यंग असलेला, झोपलेला माणूस हा आयता विषय असतो, कारण तो विरोध करीत नाही. म्हणूनच त्याला काढू नये. चित्र पूर्ण झाले की दाखवावे आणि त्याने मागितले तर देऊन टाकावे. गेल्या वर्षी येथल्याच एका दुकानातील आजोबांनी मला सांगितले की माझे तोंड नको, हात काढा. लहानपणी सिंधमधून निघालो तेव्हा ह्याच हाताने धाकट्या बहिणीला धरून आणले. मी हात काढला. तो कागद आता त्यांच्या गल्ल्याच्या काचेखाली आहे. माझ्यापाशी त्याची प्रत नाही, आणि तसे असणेच योग्य आहे.

साडेदहा वाजत आले आहेत. बाहेर टेबलावर कागद ठेवले आहेत. प्रत्येकाने पाच घ्यावेत, खोडरबर तेथेच ठेवून जावे. दोघादोघांनी जावे, आठ-दहा जणांचा घोळका करू नये, बाजारात लोकांना धंदा करावयाचा असतो. कोपऱ्यावरील शिंप्याच्या दुकानात आता त्याचा मुलगा बसतो. त्याला मी सांगून ठेवले आहे. तो काम थांबविणार नाही. एक वाजता परत येऊन कागद भिंतीला लावावेत. नाव लिहू नये, वेळ लिहावी.